फुलाआधी पान बघा

तुम्ही फोटो पाठवून ज्याचं नाव विचारलंत ते लाल-पिवळं फूल कळलावी या वेलीचंच वाटतंय, पण नुसत्या रंगावरून नाव पक्कं करू नका. या फुलाचा रंग दिवसागणिक बदलतो. कळी हिरवट, मग बुडाशी पिवळं नि टोकाला शेंदरी, जुनं होता होता सगळंच लाल. एकाच वेलीवर हे सारे रंग दिसले की नवखा माणूस हमखास गोंधळतो.

खात्री पटते ती पानाच्या टोकावरून. पान निमुळतं होत होत शेवटी स्प्रिंगसारखं वळतं आणि शेजारच्या फांदीला धरून ठेवतं. मग फूल बाजूने बघा: लाटांसारख्या कडांच्या सहा पाकळ्या मागे वळलेल्या, सहा पुंकेसर चहूकडे पसरलेले, आणि स्त्रीकेसराची दांडी बुडापाशीच जवळजवळ काटकोनात आडवी वळलेली. ही दांडी मला फार आवडते, एकदा पाहिली की विसरत नाही.

पुढच्या वेळी पान, खोड, कळी यांचेही वेगळे फोटो घ्या. कंद मात्र उकरू नका, कुतूहल म्हणूनसुद्धा नाही. अख्खी वेल विषारी असते, तिच्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं. शिवाय पुढच्या पावसात ती कंदातूनच वर येते.