मुलीचं नाव 'ऋजुता' ठेवावं का? आम्ही दिल्लीत राहतो, उच्चार बिघडेल का?

ठेवा. नाव फार गोड आहे. ऋजुता म्हणजे सरळपणा, मनाचा साधेपणा, आणि उच्चारही तसाच आहे. एकही जोडाक्षर नाही आणि शेवटी 'ता', त्यामुळे लांबून हाक मारली तरी आवाज लांबवता येतो. गॅलरीत उभं राहून दहा वेळा मोठ्यानं हाक मारून बघा, मग आडनाव लावून म्हणा.

उच्चाराचं म्हणाल तर दिल्लीत ती 'रिजुता' होणार, हे धरून चला. आपण ऋ चा उच्चार 'रु' करतो, हिंदीत तो 'रि' होतो. आपला 'क्रुष्णा' तिकडे 'क्रिष्णा' होतो, तसंच हे. गुजरातीत मात्र आपल्यासारखा 'रु'च आहे. ही चूक नव्हे, त्या भाषेची रीत आहे. पण लेकीला तिचं नाव घरी कसं म्हणतात ते तिच्या कानावर सतत पडायला हवं. म्हणून जन्मदाखल्यावर इंग्रजी स्पेलिंग आर-यू नेच सुरू करा. आर-आय लिहिलंत तर तिथला प्रत्येक जण 'रि'च वाचेल, आणि पुढे पासपोर्टपर्यंत तेच चालेल.

यातला 'ज' 'जीवन'मधला, 'जुना'मधला नव्हे. आजी-आजोबा 'जुना'सारखा म्हणत असतील तर आत्ताच सांगून ठेवा.

देवनागरीत 'रुजुता' लिहू नका. 'रुजणं' हा शब्दही मला आवडतो, पण मग 'ऋजु'शी नातं तुटतं.

घरात 'ऋजू' म्हणाल ना? मला तर तेच जास्त आवडलं.