सेंट्रल पार्कमध्ये (न्यूयॉर्क) सहा वर्षांचं मूल आणि आजी-आजोबांना झेपेल अशी गोल फेरी कोणती?

जलाशयाभोवतीची फेरी करा. सुमारे अडीच किलोमीटर, जवळपास सपाट, तासाभरात आरामात होते. सबवेच्या ८६व्या रस्त्याच्या स्टेशनला (सेंट्रल पार्क वेस्ट) उतरा. शनिवार-रविवारी ‘बी’ गाडी नसते, ‘सी’ घ्या. जलाशय डाव्या हाताला ठेवूनच चाला. इथला नियमच तसा आहे; उलट गेलात तर धावणारे अंगावर येतात. कुंपण गजांचं आहे, त्यामुळे लहानांनाही बदकं दिसतात. मूल कंटाळलं तर पश्चिमेला ९१व्या रस्त्याजवळ पाणघोड्यांच्या पुतळ्यांचं खेळाचं मैदान आहे. बाबागाडी मात्र या वाटेवर चालत नाही. ती असेल तर खालचा रुंद ब्रायडल पाथ (घोडेस्वारीसाठीची वाट) धरा, थोडा लांब पडतो इतकंच. आणि बागेतला मोठा रस्ता ओलांडताना मुलाचा हात सोडू नका, सायकली सुसाट येतात.