साडेसातचा फोन

"ताई, मी जुळे सोलापुरात राहते. आमच्या ह्यांचा टॉवेल-चादरींचा होलसेलचा धंदा आहे, त्यामुळे दिवसभर फोन. स्कूटीवर असले तरी मान वाकडी करून फोन खांद्यात दाबलेला. मागच्या रविवारी तुळजापूरहून कारने येताना कुणीतरी डिझाइनचा फोटो पाठवला, तो हे बघत होते. पुढे उसाची ट्रॉली. मी किंचाळले तेव्हा ब्रेक लागला. आठ वर्षांची लेक मागे दोन सीटच्या मधे उभी होती, तिचा ओठ फुटला, दोन टाके पडले. तर हे म्हणतात, 'झालं का काय? उगं बोंबलू नको.' आता ब्लूटूथ आणलाय, म्हणजे विषय संपला म्हणे. सासूबाई म्हणतात, त्याच्या पोटावर पाय आणू नकोस. पाच दिवस अबोला आहे. रोज संध्याकाळी साडेसातला 'निघालात का' एवढा एक फोन करते, तेवढंच बोलणं. ह्यांना कसं समजावू?"

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या साडेसातच्या फोनपाशी अडखळले. तुम्ही फोन करता तेव्हा तुमचे मिस्टर कुठे असतात? निघालेले असतील तर स्कूटीवर, भर रहदारीत. आणि तुमचा फोन ते उचलणारच. अबोल्यात बायकोचा एवढा एकच फोन येतो, तो कोण सोडेल?

रागावू नका. दोष तुमचा नाही. पण पाच दिवस त्यांना कसं समजवायचं याचा विचार करताना आपलंही बोट त्या बटणावर आहे हे राहून गेलं. आजपासून तो फोन बंद. निघायच्या आधी त्यांनीच दुकानातून सांगायचं, "निघालो." मग घरी पोचेपर्यंत तुमच्याकडून काही नाही. भाजी किती आणू, दूध आहे का, सगळं त्या एका फोनात. तुम्ही हे पाळलंत तर पुढचं बोलायला तुम्हाला तोंड राहील.

आता ब्लूटूथचं. कायद्याने हातात फोन धरून गाडी चालवणं हा गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी 1000 ते 5000 रुपये दंड, शिवाय कैदही होऊ शकते. ब्लूटूथने हात मोकळे होतात, डोकं होत नाही. मी स्वतः एकदा कानात ते यंत्र घालून बहिणीशी तिच्या सासरचं बोलत होते. सात रस्ता चौकात वळायचं ते सरळ पुढे गेले. तेही एक वेळ ठीक, पण सिग्नल लाल होता की हिरवा हे आजतागायत आठवत नाही. डोळे तर उघडे होते! शेजारी बसलेला माणूस समोर ट्रक दिसला की आपसूक गप्प होतो. फोनवरच्या व्यापाऱ्याला ट्रक दिसत नाही. तो भाव पाडतच राहतो.

त्यांना आकडे सांगायचेच असतील तर त्यांच्या मालात सांगा. 80 च्या वेगाने कार सेकंदाला 22 मीटर जाते. फोटो उघडून बघायला चार सेकंद धरा. सोलापुरी चादर साडेसात फुटांची धरली, तर जवळपास चाळीस चादरी एकापुढे एक अंथरायच्या आणि डोळ्यावर पट्टी बांधून त्यांवरून गाडी न्यायची. तीही गळीत हंगामात, मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असताना.

मात्र लेकीचा ओठ फुटला त्यात फोनचा वाटा अर्धाच. ती उभी का होती? मागे बसणाऱ्यालाही पट्टा सक्तीचा आहे आणि लहान मुलाला पट्टा नसेल तर चालवणाऱ्याला वेगळा दंड. हे मी तुम्हा दोघांनाही म्हणतेय. पोरगी मधे उभी राहून गाणी लावते म्हणून आपण कौतुक करतो, सगळ्याच घरांत होतं ते.

सासूबाईंना उलट उत्तर देऊ नका, त्यांची भीती खोटी नाही. यंत्रमागाच्या गावात धंद्याचे वाईट दिवस त्यांनी पाहिले असतील. पण गिऱ्हाईक वीस मिनिटांत तुटत नाही. बऱ्याच फोनमध्ये ड्रायव्हिंग मोड असतो, समोरच्याला आपोआप निरोप जातो: गाडी चालवतोय, पोचून करतो. व्यापाऱ्यांना याची सवय आठवडाभरात लागते. तेही गाडी चालवतातच की. आणि कारमध्ये असाल तेव्हा त्यांचा फोन तुमच्या पर्समध्ये. वाजला तर तुम्ही उचला, "नमस्कार, ते गाडी चालवतायत, किती नग लिहून घेऊ?" एवढं विचारा. माझा अंदाज आहे, दोन महिन्यांत निम्म्या पार्ट्या तुम्हालाच फोन करतील. ह्यांना ते आवडेल की नाही, सांगता येत नाही!

बोलायचं कधी? गाडीत नाही, सासूबाईंसमोर नाही, मुलांसमोर तर मुळीच नाही. "झालं का काय?" हे माणूस घाबरल्यावरही म्हणतो. किंचाळी तुमची होती, पण ब्रेकवर पाय त्यांचा होता आणि टाके घालताना बहुतेक लेकीला धरून तेच उभे असतील. रात्री जेवणं झाली, दार लावलं, की त्यांना फक्त विचारा, "तुम्ही पण घाबरला होता ना?" चादरींचा हिशेब त्यानंतर.

लेकीचे टाके निघाले का? तेवढं मात्र कळवा.