मूल कोणत्या तासाला मुकतं?

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या शाळेत इंग्रजी नव्यानं शिकणारी २६ मुलं, त्यांच्या घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा ९, इंग्रजीसाठीचे जादा शिक्षक २, आणि कार्यक्रम कोणता ते महिन्याभरात सांगायचं. पुल-आउट, पुश-इन, न्यूकमर वर्ग, ड्युअल लँग्वेज अशी चार नावं लिहून तू विचारतेस, यातलं चांगलं कोणतं? तुझा गोंधळ समजतो, पण प्रश्नच चुकलाय गं. नावं बाजूला ठेव. मूल इंग्रजी शिकायला बसतं त्या वेळी त्याच्या वर्गात कोणता तास चालू असतो, आणि तो तास त्याला परत कधी मिळणार, एवढं विचार.

आधी हिशेब करू. पुल-आउट म्हणजे मुलाला वर्गातून उठवून छोट्या गटात नेणं. रोज ४० मिनिटं धर, आठवड्याला २०० मिनिटं. शाळेचे ३६ आठवडे धरले तर वर्षाचे १२० तास. हे तास विज्ञानातून काढले असतील तर वर्षअखेरीस मुलाचं इंग्रजी थोडं पुढे आणि विज्ञान १२० तास मागे. शिवाय जाण्या-येण्यातली मिनिटं, आणि परत आल्यावर ‘आता काय चाललंय’ हे उमगेपर्यंतची मिनिटं. हा वेळ कुणी मोजत नाही. तू मोज.

‘मग चित्रकलेतून, खेळाच्या तासातून काढू’ असं बैठकीत कुणीतरी म्हणेलच. ठाम नाही म्हण. दिवसभरात ते मूल जिथे बाकीच्यांच्या बरोबरीचं असतं असे हेच दोन-तीन तास. मैत्री तिथे जमते, आणि बोलण्याचं इंग्रजी मैत्रीतूनच येतं. वेळ काढायचाच तर वर्गाच्या इंग्रजीच्या तासातून काढ, तोही अख्खा नको. शिक्षक गोष्ट मोठ्यानं वाचत असतील तेव्हा मूल वर्गात हवं. बाकीचे लांबलचक निबंध लिहायला बसले की त्याला बाहेर न्यायला हरकत नाही.

पुल-आउट टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. नव्यानं आलेल्या मुलाला सुरुवातीचे काही आठवडे छोटा गट लागतोच. तेरा वर्षांच्या मुलाला अक्षरओळखीपासून सुरुवात करायची असेल तर ती सगळ्या वर्गासमोर करायला लावणं निर्दयपणाचं आहे. फक्त हा गट बंद करायची तारीख आधी लिही आणि मग तो सुरू कर. तारीख नसलेले गट वर्षानुवर्षं चालतात, मुलं तिथेच मोठी होतात.

हा माझ्या एकटीचा हेका नाही. इंग्लंडमध्ये अल्पसंख्य समाजांतल्या मुलांच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या स्वान समितीनं १९८५ मध्ये वेगळ्या भाषा-केंद्रांपेक्षा मुख्य वर्गात शिकवण्याच्या बाजूनं कौल दिला. १९८६ साली वांशिक समता आयोगानं काल्डरडेलमधल्या वेगळ्या भाषावर्गांची चौकशी केली आणि ती पद्धत भेदभावाची ठरवली. खोली वेगळी, शिक्षक वेगळे, अभ्यासक्रम अपुरा.

आता हे वाचून तू उलट्या टोकाला जाशील, म्हणून घाईनं पुढचं सांगते. मुख्य वर्गात बसवलं की काम झालं असं समजू नकोस. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी वंशाची सुमारे १८०० मुलं अशीच बसलेली होती, इंग्रजीची कसलीही जादा मदत न मिळता. तीच पुस्तकं, तेच शिक्षक, तीच बाकं दिली म्हणजे समान वागणूक झाली असं होत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७४ च्या लाऊ विरुद्ध निकल्स खटल्यात सांगितलं. हजेरी लागली म्हणजे तास मिळाला असं नाही. वर्गाबाहेर नेलं तरी मूल तासाला मुकतं, आणि वर्गात काहीच कळलं नाही तरी मुकतंच. दोन्ही एकाच खात्यात मांड.

म्हणून पुश-इन, म्हणजे इंग्रजीचे शिक्षक विषयाच्या वर्गातच येणं. कागदावर हे सगळ्यांत छान दिसतं आणि सगळ्यांत लवकर बिघडतं. महिन्याभरात ते शिक्षक मागच्या बाकावर एका मुलाच्या कानात भाषांतर करत बसलेले दिसतात, किंवा वह्या तपासताना. कारण एकच, दोघांना एकत्र बसून पाठ आखायला वेळ दिलेला नसतो. आठवड्याला निदान एक पूर्ण तास, दोघांच्याही वेळापत्रकात छापलेला, हवा. ‘मधल्या सुट्टीत बोलून घेऊ’ हे चालत नाही. तो तास मिळणार नसेल तर पुश-इन मागूच नकोस.

आणि त्या तासात आखायचं काय? प्रत्येक पाठाला दोन उद्दिष्टं: विषयाचं एक, भाषेचं एक. बाष्पीभवनाचा पाठ असेल तर विषयाचं उद्दिष्ट तापमान आणि वेग यांचा संबंध, आणि भाषेचं उद्दिष्ट ‘जितकं जास्त, तितकं लवकर’ ही वाक्यरचना इंग्रजीत तोंडी आणि लेखी वापरता येणं. वाक्याचा सांगाडा फळ्यावर लिहायचा, जोडीत दोनदा बोलून घ्यायचं, मग वहीत. गणितात तर डोळ्यांत तेल घालून बघ. ‘सेव्हन लेस दॅन ट्वेल्व्ह’ ऐकून मूल ७ मधून १२ वजा करायला जातं, कारण शब्द त्याच क्रमानं येतात. ‘टेबल’ म्हणजे जेवायचं मेज एवढंच माहीत असलेल्या मुलाला कोष्टक भरायला सांगितलं की ते गप्प बसतं. शिक्षक समजतात गणित कच्चं आहे. गणित पक्कं असतं, फक्त इंग्रजी शब्दांखाली दडलेलं असतं.

मूल खेळताना फाडफाड बोलतं म्हणून मदत काढून घेतली जाते, ही चूक सर्रास होते. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा फरक मांडला. पहिली साधारण २ वर्षांत येते. दुसरीत बरोबरीच्या मुलांना गाठायला ५ ते ७ वर्षं लागतात. मैदानावरचं बोलणं ऐकून कुणाचंही नाव मदतीच्या यादीतून काढू नकोस. विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेतली चार सलग वाक्यं वाच आणि मग ठरव. काढल्यानंतरही लक्ष हवंच. अमेरिकेच्या सरकारनं २०१५ च्या मार्गदर्शनात ते किमान २ वर्षं ठेवायला सांगितलं होतं. उलट बाजूही लक्षात घे. नवं मूल काही महिने तोंडच उघडत नाही, तेवढ्यावरून त्याला मतिमंद किंवा अध्ययन-अक्षम ठरवू नये. घरच्या भाषेत तपासल्याशिवाय असल्या शिफारशीवर सही करायची नाही.

ड्युअल लँग्वेजबद्दल, म्हणजे विषय दोन भाषांत शिकवण्याबद्दल, तू सगळ्यांत उत्साहानं लिहिलंस. मलाही तो सगळ्यांत आवडतो, कारण त्यात मूल कोणत्याच तासाला मुकत नाही, विषय त्याच्या भाषेत चालूच राहतो. ९०/१० पद्धतीत सुरुवातीला ९० टक्के शिकवणं इंग्रजीखेरीजच्या भाषेत आणि १० टक्के इंग्रजीत असतं, मग वर्षागणिक इंग्रजी वाढवत निम्मं-निम्मं होतं. पण वर्गात दोन्ही भाषांची मुलं साधारण निम्मी-निम्मी लागतात, निदान एकतृतीयांश तरी. त्या भाषेत विषय शिकवणारे शिक्षक लागतात, आणि पालकांनी ५-६ वर्षं मूल न हलवण्याची तयारी लागते. तुझा सर्वांत मोठा भाषागट ७ मुलांचा, तोही चार इयत्तांत विखुरलेला. जमणार नाही. हट्ट सोड.

कुणी कॅनडाचं उदाहरण देईल: ‘तिकडे मुलं थेट फ्रेंचमध्ये बुडवली आणि शिकली.’ १९६५ मध्ये माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टमध्ये तो वर्ग इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी स्वतः मागून सुरू करून घेतला होता. वर्गातली सगळीच मुलं फ्रेंचमध्ये नवखी होती, आणि त्यांच्या इंग्रजीला कसलाच धोका नव्हता. तुझं एकटं मूल तीस इंग्रजी बोलणाऱ्यांत बसतं. हे दाखले एकमेकांना लागू नाहीत.

वर्ग नसला तरी घरची भाषा वहीत येऊ शकते. ज्याला ती लिहिता येते त्यानं टिपणं, कच्चा मसुदा, शब्दयादी खुशाल तिच्यात करावी. जोडीदार त्याच भाषेचा असेल तर आधी त्या भाषेत चर्चा, मग इंग्रजीत उत्तर. ‘वर्गात फक्त इंग्रजी’ अशी पाटी दिसली तर काढून टाक. या पाट्या मी फार उशिरा विरोधायला लागले, त्याची रुखरुख आहे. आता जरा जास्तच जोरात बोलते, असं लोक म्हणतात. म्हणोत.

न्यूकमर वर्ग, म्हणजे नव्यानं आलेल्या मुलांचा वेगळा वर्ग, फक्त त्यांच्यासाठी, ज्यांचं शिक्षण मध्येच तुटलंय. २६ मध्ये अशी किती आहेत ते तू लिहिलंच नाहीस. प्रवेशाच्या अर्जात ‘आधी कोणत्या इयत्तेपर्यंत, सलग किती वर्षं’ असा रकाना आहे का बघ. नसेल तर पालकांना बोलावून विचार, त्यांची भाषा येणारा मोठा माणूस बरोबर घेऊन. मुलाला दुभाषा करायचं नाही.

मुख्याध्यापकांपुढे जाशील तेव्हा इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या कार्यक्रमांबद्दलच्या, अमेरिकेतल्या कास्टान्येडा खटल्यातली १९८१ ची तीन परिमाणं बरोबर ने: कार्यक्रमामागचा विचार पटण्याजोगा आहे का, त्याला पुरेशी माणसं आणि साधनं आहेत का, आणि ठरावीक काळानंतर मुलं खरंच पुढे गेली का. तिसऱ्यावर सगळे गप्प होतात. तिथेच थांबून राहा.

आता काम. २६ मुलांचं एक कोष्टक कर: आडवे आठवड्याचे सगळे तास, उभी मुलांची नावं. प्रत्येक चौकोनात ‘वर्गात, कळतंय’, ‘वर्गात, कळत नाही’ किंवा ‘बाहेर’ यांतलं एक. दुसरं ओळखायला मागच्या बाकावर बसून त्या मुलाची वही वाचावी लागेल, विषयशिक्षकांना विचारून भागणार नाही. आठवडाभर लागेल. पेन्सिलनं भर, खोडावं लागतं. भरलं की मला पाठव, मग कोणाला कोणता कार्यक्रम ते बघू.