खगोलशास्त्राचा पहिला पेपर घेतलायस? मग आधी लॉगॅरिथम काढ

पहिल्या वर्षाला बहुतेक जण कृष्णविवरांच्या ओढीने येतात आणि दुसऱ्याच आठवड्यात ताऱ्यांच्या प्रतीपाशी (तेजस्वितेच्या मापापाशी, म्हणजे मॅग्निट्यूडपाशी) अडकतात. मीही अडकलो होतो. प्रत लॉगॅरिथमवर आणि उलटी चालते: आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी, आणि 5 प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर 100 पट. सूत्र पाठ करू नकोस, दोन ओळखीचे तारे घे. व्याधाची प्रत -1.46, ध्रुवाची साधारण 2. म्हणजे व्याध आपल्याला वीसहून अधिक पट तेजस्वी दिसतो. आता अंतर घाल. व्याध 8.6 प्रकाशवर्षांवर, ध्रुव 400 हून जास्त. गणित कर, खऱ्या तेजात ध्रुव व्याधाला कितीतरी मागे टाकतो! हे एकदा हाताने केलंस की दृश्य प्रत (इथून दिसणारं तेज) आणि निरपेक्ष प्रत (ताऱ्याचं खरं तेज) यांत पुन्हा गोंधळ होणार नाही.

एककांची सवय लाव. पार्सेक म्हणजे 3.26 प्रकाशवर्षं, आणि ते काळाचं नाही, अंतराचं एकक आहे (तोंडी परीक्षेत यावर हमखास विकेट जाते).

दुर्बीण लगेच विकत घेऊ नकोस. साधी 10×50 ची (दहा पट मोठं दाखवणारी, 50 मिमी भिंगांची) द्विनेत्री पुरे. हात टेकवून धरलीस तर गुरूचे चार चंद्र दिसतात. रोज त्यांच्या जागा वहीत काढ, केप्लरचा तिसरा नियम (कक्षा जितकी मोठी, तितका फेरीला वेळ जास्त) आपोआप अंगवळणी पडेल. फक्त पावसाळ्यात नाद सोड, तेव्हा स्पेक्ट्रमची (वर्णपटाची) गणितं उरक. आणि पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या तीस डिश आहेत. विज्ञान दिनाला लोकांना आत सोडतात, तेव्हा जाऊन ये.