विमान चालेल, खोका सांभाळा

प्रश्न : अक्कलकोट रोडला माझं लेझर कटिंगचं छोटं युनिट आहे. यंदा गड्ड्याच्या जत्रेत तेजस आणि मिग-21 यांची बाल्सा लाकडाची जोडायची किट विकायचा विचार आहे. मित्र म्हणतो, विमान कंपनीचा परवाना नसेल तर नोटीस येईल. खरं का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : मित्राला चहा पाजा, पण त्याचं अर्धंच ऐका. विमानाच्या आकाराची फार धास्ती नको. आपल्या 2000च्या डिझाइन कायद्यात नोंदणीचं संरक्षण 10 वर्षं, वाढवून घेतलं तर 15. तेही ज्या वर्गातल्या वस्तूसाठी नोंदणी, तेवढ्यापुरतंच; विमानाचा वर्ग वेगळा, खेळण्याचा वेगळा. मिग-21 तर 1950च्या दशकातलं, आणि तेजसही पहिल्यांदा उडालं ते 4 जानेवारी 2001 रोजी.

घोळ होतो तो खोक्यावर. ट्रेडमार्क, म्हणजे नावावरचा नि बोधचिन्हावरचा हक्क, दर 10 वर्षांनी नवा करत कितीही काळ टिकवता येतो. बाहेरगावच्या मालावर ‘सोलापुरी चादर’ लिहिलेलं दिसलं की आपलं डोकं फिरतं ना? कंपनीचं बोधचिन्ह तुमच्या खोक्यावर दिसलं की तिचंही फिरणार. तेव्हा तुमचं नाव मोठं, विमानाचं बारीक, बोधचिन्ह नको आणि ‘अधिकृत’ हा शब्द तर मुळीच नको. जर्मनीत खेळण्यातल्या गाडीवर आपलं चिन्ह आहे म्हणून ओपेल ही मोटार कंपनी कोर्टात गेली होती. गिऱ्हाईक ते हुबेहूब नकलेचा भाग समजतं, असं म्हणत तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं 2010 मध्ये खेळणंवाल्याच्या बाजूनं निकाल दिला. आपलं कोर्ट त्याला बांधलेलं नाही, म्हणून त्या भरवशावर राहू नका.

‘अधिकृत’ छापायचंच असेल तर परवाना घ्या. पण करारात रॉयल्टीच्या टक्क्याआधी किमान हमीची रक्कम बघा. माल खपो न खपो, ती भरावीच लागते, आणि छोटा कारखानदार बुडतो तो तिथंच. मुदत संपल्यावर उरलेला माल विकायला किती महिने मिळणार, तेही लिहून घ्या.

कटिंगची फाइल कुठून आणली, हे मात्र तुम्ही लिहिलंच नाही. परदेशी किटमधला भागांचा कागद स्कॅन केला असेल, तर विमान कंपनीआधी तो किटवालाच दारात येईल. त्या रेखाटनावर त्याचा कॉपीराइट असतो. खोक्यावर नेटवरून उचललेला फोटो छापलात तर फोटोग्राफरही. विमानाचे फोटो समोर ठेवून फासळ्या स्वतः आखा आणि कच्ची रेखाटनं तारीख टाकून जपून ठेवा.