रिपोर्ट निगेटिव्ह, पण कशाचा आणि कितव्या दिवशीचा?

कंडोमशिवाय संबंध येऊन 10 दिवस झाले, त्रास काही नाही, एचआयव्हीसारख्या संबंधातून पसरणाऱ्या आजारांचे रक्ताचे रिपोर्ट निगेटिव्ह, मग आता सुटलो का, असं तुम्ही विचारलंय. एवढ्यात नाही. रिपोर्ट चुकीचा नाही, तुम्ही घाई केलीत.

एचआयव्हीची चौथ्या पिढीची टेस्ट, म्हणजे शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये करतात ती, संबंधानंतर 18 ते 45 दिवसांत लागण पकडते. त्यामुळे 45 दिवस उलटल्यावर परत करा. बोटाला टोचून करायच्या साध्या अँटिबॉडी किटवर विसंबणार असाल तर 90 दिवस धरा. सिफिलिस या गुप्तरोगाचंही तसंच, 6 आठवड्यांनी एकदा आणि 3 महिन्यांनी पुन्हा. (हे वाचणाऱ्या कुणाचे अजून 72 तास व्हायचे असतील, तर टेस्टचं नंतर बघा, आधी डॉक्टर गाठा. पीईपीच्या, म्हणजे संबंधानंतर एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या गोळ्या त्या मुदतीतच सुरू कराव्या लागतात, पुढे 28 दिवस.)

आता जे बहुतेकांचं राहून जातं ते. क्लॅमिडिया आणि गनोरिया या संबंधातूनच पसरणाऱ्या जंतुसंसर्गांसाठी रक्त नाही, लघवी किंवा स्वॅब (कापसाच्या काडीने घेतलेला नमुना) लागतो. आणि ही लघवी नेहमीच्या तपासणीसारखी मधल्या धारेची चालत नाही, अगदी सुरुवातीची हवी. त्याआधी निदान तासभर लघवीला जायचं नाही. डबी हातात देताना हे कुणी सांगेलच असं नाही, आपणच विचारावं. बायकांसाठी लघवीपेक्षा योनीमार्गाचा स्वॅब बरा, आणि तो स्वतःचा स्वतः घेता येतो. मुखमैथुन किंवा गुदमैथुन झालं असेल तर घशाचा, गुदद्वाराचा स्वॅब वेगळा सांगावा लागतो. घशातली लागण लघवीत दिसत नाही. म्हणून डॉक्टरांपुढे लाजून अर्धवट सांगू नका. त्यांना तुमच्या भानगडीत रस नसतो, नमुना कुठला घ्यायचा एवढंच ठरवायचं असतं.

'त्रास नाही' याला फार किंमत देऊ नका, क्लॅमिडियात बहुतेकांना काहीच जाणवत नाही. मात्र मोठ्या पॅकेजमध्ये हर्पिसची (जननेंद्रियावर फोड आणणाऱ्या विषाणूची) रक्ततपासणी असेल तर ती खुशाल वगळा. फोड नसताना तिच्यातून उत्तरापेक्षा गोंधळच जास्त हाती लागतो. फोड आलाच तर तो ताजा असतानाच स्वॅब द्या.

कुणीतरी इथे 'आधी एक अँटिबायोटिकचा कोर्स मारून टाक' असा सल्ला दिलाय. तो अजिबात ऐकू नका, लागण अर्धवट दबते आणि टेस्टही फसते. तुमचं वेळापत्रक सोपं आहे: 14 दिवस झाले की लघवी, 45 दिवसांनंतर रक्त, 3 महिन्यांनी सिफिलिससाठी पुन्हा रक्त, तोवर कंडोम. क्लॅमिडिया पॉझिटिव्ह आलाच तर जोडीदाराचेही उपचार सोबतच करा, नाहीतर तोच आजार पुन्हा तुमच्याकडे येईल.